पट्ट्याची मालकीण

शार्दूल भोईटेची विहिरीवरची मोटर जळाली तेव्हा घरात सगळ्यात कमी हळहळली ती त्याची बायको. ऊर्वी वीज कंपनीच्या उपकेंद्रात कनिष्ठ अभियंता होती. मोटरच्या पेटीतला रिले का पडतो, हे तिने नवऱ्याला मार्गशीर्षभर समजावून सांगितलं होतं. मोटरवर ताण आला की रिले पडतो, मोटर बंद होते आणि म्हणूनच ती वाचते. शार्दूलला मात्र कांद्याला पाणी द्यायची घाई होती. सारखा सारखा पडणाऱ्या रिलेला वैतागून त्याने तारेचा तुकडा घेतला, रिलेच्या दोन टोकांना जोडला आणि मोटर 'डायरेक्ट' केली. दिवसभर मोटर झकास चालली. दिवेलागणीला विहिरीकडून जळक्या वार्निशचा वास आला.

ही गोष्ट अजून यायच्या काळातली आहे. फलटणच्या शिवारात फवारणीला ड्रोन फिरतात, एस.टी. विजेवर पळते आणि प्रत्येक घराच्या भिंतीवर एक बोलकी पेटी असते. पण मोटर डायरेक्ट करता येत नाही असा माणूस तेव्हाही औषधाला सापडत नाही.

"रिले तुझा वैरी नव्हता रे," ऊर्वी म्हणाली. चारचौघांत ती त्याला अहो-जाहो करी, खोलीत अरे-तुरे. "तो ओरडून काहीतरी सांगत होता. तू त्याचं तोंड बांधलंस."

"झालं ते झालं. एवढं काय मनाला लावून घेतेस?"

त्या मोटरचा आपल्याला एवढा राग का यावा, हे तिलाही नीट कळलं नाही. रात्री खोलीचं दार लागलं की तिचं अंग आपोआप मिटायचं, आणि त्या मिटण्याचं काय करायचं हे वर्ष होत आलं तरी तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिचा शार्दूलवर राग नव्हता. माणूस तिला आवडला होता, म्हणून तर लग्न केलं. हसायला, भटकायला, बिलगून झोपायला तिला हवासा वाटायचा. पण त्यापुढे गेलं की मांड्या ताठ व्हायच्या, श्वास अडकायचा आणि सुरीने कापावं तसं दुखायचं. आधी तो "सॉरी" म्हणायचा. मग पाठ करून झोपू लागला. आपणच कुठेतरी सदोष निघालो असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. परत करता येत नाही अशी सदोष वस्तू.

डॉक्टर करून झाले होते. पहिल्याने तपासलंच नाही, महाबळेश्वरला जाऊन या म्हणाला. ती दोघं गेली, स्ट्रॉबेरी खाऊन परत आली. दुसऱ्या बाई म्हणाल्या, पहिलं मूल झालं की सगळं सुरळीत होतं. मूल होण्याआधी काय व्हावं लागतं, हे त्या बाईंना कॉलेजात नक्कीच शिकवलं असणार. वर सुरेखाआत्या होतीच. शार्दूलची ही आत्या गावातच दिली होती. साऱ्या पंचक्रोशीत तिच्याएवढे उपास कुणी करत नसे. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र, अख्खा चातुर्मास. भोईट्यांच्या घरी आली की उपासाची कॉफी घेत ती पहिलं वाक्य ठरलेलं टाकायची, "काय गं पोरी, पाळणा कवा हलायचा?"

शेवटी ऊर्वीने रजा टाकली आणि एकटीच साताऱ्याला डॉक्टर नाझनीन मुजावरांकडे गेली.

डॉक्टर मुजावर ठेंगण्या, चष्मा डोक्यावर ठेवून तोच शोधत फिरणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक मऊसर, वीतभर रुंद पट्टा तिच्या ओटीपोटावर बांधला. अंगावरचे कपडे तसेच. समोरच्या पडद्यावर निळसर रंगाची एक झोळी दिसू लागली.

"हे तुमच्या ओटीपोटाच्या तळाचे स्नायू," डॉक्टर म्हणाल्या. "पट्ट्यातून कानाला न ऐकू येणारा आवाज आत जातो, परत येतो, त्यातून हे चित्र तयार होतं. स्नायूंना येणारे विजेचे संदेशही पट्टा वाचतो. स्नायू सैल असले की निळे, आवळले की लाल. आता मी तुम्हाला हात लावणार नाही. फक्त सांगतेय, की समजा, मी तपासणी करणार आहे."

वाक्य पुरं व्हायच्या आत पडद्यावरची झोळी लालभडक झाली. ऊर्वी नुसती पाहत राहिली, कारण तिला अजून काही जाणवलंही नव्हतं. जाणवलं ते क्षणभराने.

"बघितलंत? आधी लाल झालं, मग तुम्हाला कळलं. डोळ्याजवळ काही आलं की पापणी मिटते, आपण ठरवून मिटत नाही. तसंच आहे हे. मेंदूच्या तळाशी एक राखणदार बसलाय, तुम्हाला न विचारता तो दार लावतो. पूर्वी आम्ही बायकांना म्हणायचो, ढिलं सोडा. म्हणजे पापणी मिटल्याबद्दल पापणीलाच रागवायचं. ह्याला योनिआकर्ष म्हणतात. पुष्कळ जणींना असतो, आणि तो बरा होतो."

"म्हणजे हे मी करत नाही?"

"नाही. पण त्या राखणदाराशी बोलायला तुम्ही शिकू शकता."

ऊर्वीला रडू फुटलं. एक वर्षभर ती ज्या गुन्ह्याची शिक्षा भोगत होती, तो तिने केलेलाच नव्हता. डॉक्टरांनी तिला रडू दिलं, मग उपचार सांगितला. रोज काही वेळ पट्टा बांधायचा, श्वास सोडायचा, लाल होऊ लागलं की तिथेच थांबायचं, निळं झालं की पुढे. काही दिवसांनी बोट, मग लहानापासून मोठ्या होत जाणाऱ्या मऊ नळ्या, सगळं स्वतःच्या हाताने, स्वतःच्या वेगाने. नवरा त्यानंतर, तोही तिने बोलावल्यावर.

"आणि एक विचारायचं राहिलं," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हाला काय आवडतं?"

"कशात?"

"ह्यातच."

असं ऊर्वीला कुणी विचारलं नव्हतं. आजवर सगळ्यांनी कधी, का नाही, किती दिवस एवढंच विचारलं होतं.

निघताना डॉक्टरांनी बजावलं, "पट्ट्यात मोकळीक नावाची एक सोय आहे. आवाजाच्या लहरी एकवटून ती त्या स्नायूंची नसच अर्धा तास गप्प करते. आम्ही ती मोठ्या तपासण्यांना वापरतो. आता कंपनीने घरीही द्यायला सुरुवात केली आहे. तिने दुखत नाही, पण शरीर शिकतही काही नाही. आणि पट्टा ज्याच्या फोनवर नोंदवलाय, त्याच्या हातात ती कळ असते. तेव्हा तो तुमच्याच फोनवर नोंदवा."

हे सगळं ऊर्वीला पटलं आणि लक्षातही राहिलं. पण कंपनीकडून पट्ट्याचं खोकं घरी आलं त्या दिवशी ती उपकेंद्रात तुटलेल्या लाइनच्या मागे होती.

भोईट्यांच्या घरात काहीही नवीन आलं की खोक्यावरचं चिन्ह सासूबाईंच्या फोनला दाखवायचं, असा शिरस्ता होता. सासरे दादा फोनच्या वाटेला जात नसत. त्यामुळे मोटर, गॅस, टाकी, दादांचं रक्तदाबाचं कडं, सगळं रूपालीताईंच्या खात्यावर, आणि बोलक्या पेटीच्या लेखी गृहप्रमुख त्याच. शार्दूलने खोकं उघडलं, नेहमीच्या हाताने चिन्ह आईच्या फोनपुढे धरलं आणि कांद्याकडे निघून गेला. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण संध्याकाळी सासूबाईंच्या फोनवर एकाखाली एक पाच चित्रं होती. विहिरीची मोटर, गॅस, पाण्याची टाकी, दादांचं कडं, ऊर्वी.

"आई, हा माझ्या नावावर करून द्या," ऊर्वी म्हणाली. "पेटीला तुम्ही तोंडाने सांगितलं तरच बदलतं ते."

"राहू दे की. घरातल्या घरात काय तुझं नि माझं?" रूपालीताई बी.ए. झालेल्या, बोलायला मऊ. त्यांना सगळं नीटनेटकं एका जागी लागे. "मी हात लावणार नाही, शप्पथ. मोटरसुद्धा मी शार्दूलला विचारल्याशिवाय चालू करत नाही."

विचारायचं शार्दूलला, हे त्यांना खटकलंही नाही. ऊर्वीला खटकलं, पण उपचार लांबवायचा नव्हता म्हणून तिने ते गिळलं.

आणि उपचार लागू पडत होता. दुपारी खोलीत एकटी पडून ती पट्ट्यासोबत आलेल्या छोट्या पडद्याकडे बघत श्वास सोडायची. लाल कडा हळूहळू निळ्या व्हायच्या. एके दिवशी पहिली नळी न दुखता आत गेली आणि ती पांघरुणात तोंड खुपसून मोठ्याने हसली.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी शार्दूल खोलीत आला तो चेहरा उजळलेला. "अगं, आईच्या फोनवर आलंय. मोकळीक. अर्धा तास काही म्हणजे काही दुखत नाही. कशाला ह्या नळ्याबिळ्या? एकदा झालं की झालं, पुढचं आपोआप होतं."

"कुणाचं?"

"म्हणजे?"

"दुखणार नाही, तसं दुसरंही काही कळणार नाही मला. मी तिथे असणारच नाही शार्दूल. तू कुणाबरोबर असशील?"

"तू ना शब्दांत धरतेस. मी तुझ्या भल्यासाठी बोलतोय. एक वर्ष थांबलोय मी, कधी आवाज चढवला?"

"नाही चढवलास. त्याचं मोल आहे मला." तिने पट्टा सोडवून मांडीवर ठेवला. "पण मोटर डायरेक्ट केलीस तेव्हाही हेच म्हणाला होतास, एकदा पाणी निघालं की झालं. मला नाही जळायचं."

तो बाहेर गेला. जाताना दार आपटलं नाही, पण चार दिवस जेवणाच्या ताटावर त्याने मान वर केली नाही. ऊर्वीला वाईट वाटलं. तरी तिने शब्द मागे घेतला नाही.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी भोईट्यांकडे हळदीकुंकू होतं. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, तिळगूळ, वाण म्हणून उन्हावर चालणारे छोटे कंदील. सराव राहून जाऊ नये म्हणून ऊर्वीने साडीच्या आत पट्टा बांधला होता. बसल्या बसल्या श्वास सोडला तरी चालायचं. बैठक बायकांनी भरली होती, मध्ये पाटावर सुरेखाआत्या. ऊर्वी मसाला दुधाचे पेले घेऊन फिरत होती. एवढ्यात भिंतीवरची पेटी आपल्या गोड आवाजात बोलली.

"ऊर्वी भोईटे यांचा ओटीपोटाचा सराव आज अपुरा आहे. मोकळीक सुरू करायची का? गृहप्रमुखांची परवानगी हवी आहे."

सगळ्या माना ऊर्वीकडे वळल्या.

"कसला सराव गं?" आत्याने विचारलं.

"गुडघ्याचा," रूपालीताई म्हणाल्या. ओटीपोट आणि गुडघा यांच्यात केवढं अंतर आहे हे त्यांना त्या घाईत सुचलं नसावं. पेटी पुन्हा तेच बोलू लागली. रूपालीताईंनी फोन काढला. पडद्यावर 'नंतर' हा शब्द मुंगीएवढा होता आणि 'परवानगी आहे' तळहाताएवढा हिरवा. पेटीला गप्प करायचं एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी हिरव्यावर अंगठा दाबला.

पेटी गप्प झाली आणि ऊर्वीच्या अंगाचा तळ नाहीसा झाला.

दुखलं काहीच नाही. तेच भयंकर होतं. आवळावं म्हटलं तर आवळायला काही नव्हतं, भर बैठकीत लघवी आवरेल की नाही याचा भरवसा वाटेना. ती होती तिथे मटकन खाली बसली, दोन पेले लवंडले. सासूच्या हातातल्या फोनकडे तिची नजर गेली आणि काय झालं ते तिला कळलं. खोलीच्या त्या टोकाला बसून कुणीतरी एका बोटाने आपल्याला बंद केलं होतं. गॅस बंद करावा तसं.

वर्षभर तिला शरमेने रडू यायचं. आज आला तो निव्वळ संताप. तिने साडीच्या निऱ्यांआड हात घातला, पट्टा ओढून काढला आणि तिळगुळाच्या ताटाशेजारी ठेवला.

"हा गुडघ्याचा नाही," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून मला नवऱ्याजवळ जाता येत नाही. अंग मिटतं, जीव जाईल इतकं दुखतं. ह्याला योनिआकर्ष म्हणतात. हा आजार आहे, त्याला उपचार आहे आणि तो मी घेतेय. हा पट्टा मला माझं अंग दाखवतो. पण त्याची एक कळ माझं अंग माझ्यापासून तोडते, आणि ती कळ माझ्या हातात नाही. आत्ता ती आईंनी दाबली. म्हणून मी अशी पडले."

"आगं पर ही काय बोलायची जागा हाय का?" आत्या कडाडली.

"मग कुठली ते तुम्ही सांगा, आत्या. डॉक्टरांपुढे बोलले, ते म्हणाले महाबळेश्वरला जा. खोलीत बोलले, तर कळ दाबू म्हणतात. आता इथं बोलतेय. इथूनही उठवणार असाल तर वेशीवर जाऊन बोलेन, पण गप्प बसणार नाही."

दोघी-तिघी पदर सावरत उठल्या आणि कंदील न घेताच गेल्या. एक पदरात तोंड खुपसून हसली. कोपऱ्यातल्या नव्या सुनेने, पाटलांच्या मनवाने, मान न उचलता विचारलं, "खरंच जातं का हो दुखणं?"

"कमी व्हायला लागलंय माझं."

"तुम्ही जाता ते डॉक्टर बाई आहेत का बुवा?"

"बाई आहेत. चष्मा हरवतात, बाकी हुशार आहेत." त्यावर कुणीतरी खुदकन हसलं, पण या खेपेला हसू वेगळं होतं. मग एकीने विचारलं, दुसरीने विचारलं. बाळंतपणानंतर दुखतं ते हेच का. पाळी गेल्यावर कोरडं पडतं त्याला काय. आणि दुखत नाही, पण कधी काहीच वाटत नाही, तर तेही डॉक्टरला सांगायचं असतं का. ऊर्वीला जेवढं ठाऊक होतं तेवढं तिने सांगितलं, बाकीचं मला माहीत नाही म्हणाली. आत्या पेल्यातल्या दुधाकडे बघत राहिली आणि तशीच उठून गेली.

बायका पांगल्यावर रूपालीताई तिच्याजवळ येऊन बसल्या. "मला वाटलं, आपण घर वाचवतोय," त्या म्हणाल्या. "माझंही वर्ष-दीड वर्ष असंच गेलं होतं गं. दात आवळून पडून राहायचे. बाईचं असंच असतं असं म्हणून मी ते विसरूनसुद्धा गेले होते." त्या रडल्या नाहीत. उठून पेटीसमोर उभ्या राहिल्या. "पट्ट्याची मालकी बदलायची आहे. ऊर्वीच्या नावावर."

"कारण सांगा," पेटी म्हणाली.

रूपालीताईंनी जरा विचार केला. "कारण काय कारण? अंग तिचं आहे."

शार्दूल जळालेली मोटर नव्या तारेने भरून घेऊन आला तोवर गावातून बातमी त्याच्या आधी घरी पोचली होती. तो चिडणार, असं धरून ऊर्वी तयारीत बसली होती. तो उंबऱ्यातच उभा राहिला. कान लाल झाले होते.

"आई म्हणाली, तू पडलीस."

"हो."

"मी म्हटलं होतं तसं केलं असतं, तर खोलीत पडली असतीस. माझ्यासमोर." त्याने पायातल्या चपला काढल्या. "आणि मला ते कळलंही नसतं. मला वाटलं असतं, बरी झाली."

तिने त्याला आत बोलावलं. साऱ्या गावाला कळल्याचं त्याला लागलं होतं, ते त्याने लपवलं नाही, आणि तिनेही माफी मागितली नाही. मग ती आपल्या अटी बोलली. मोकळीक कधीच नाही. थांब म्हटलं की थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे दोघांनी जायचं. त्याने मान डोलावली.

"तुला काय आवडतं?" त्याने अडखळत विचारलं. "म्हणजे, तू कधी सांगितलंच नाहीस. मीही विचारलं नाही."

"शोधतेय. सापडलं की तुला पहिल्यांदा सांगेन," ऊर्वी म्हणाली, आणि त्या वर्षात पहिल्यांदाच पडदा न बघता तिला कळलं की आत सगळं निळं आहे.

पुढच्या गुरुवारी ती फलटणच्या स्टँडवर साताऱ्याच्या गाडीची वाट बघत होती. शार्दूल तिकिटं काढायला गेला होता. शेजारी कुणीतरी पिशवी आदळली. सुरेखाआत्या. हातात वडापाव, अर्धा खाल्लेला.

"आत्या, आज गुरुवार ना? उपास?"

"सोडला." आत्याने घास गिळला. "तुला म्हाईत हाय का, माझं उपास पंचक्रोशीत नावाजल्यालं. मामा तुझं, म्हंजी आमचं मालक, लई तापट. नगं म्हनायची सोय न्हवती. पर उपासाच्या दिवशी बाईला शिवायचं न्हाई, एवढं ते पाळायचं. मग मी एक उपास वाढवला. मग आनखी एक." ती समोरच्या गाडीकडे बघत होती. "लोकं म्हनायची, काय भक्ती हाय! आगं, देव तेवढा रजा द्यायचा मला. सगळी जिंदगी दुखलं, पोरी. अजून दुखतंय."

ऊर्वीने तिचा हात धरला. आत्याने तो झटकला नाही.

साताऱ्यात दवाखान्याच्या दारातल्या पेटीने तिघांचं गोड आवाजात स्वागत केलं. "नवीन नोंदणी. कृपया गृहप्रमुखाचं नाव सांगा."

ऊर्वी पुढे होणार एवढ्यात आत्याने तिला हाताने मागे सारलं, पदर खोचला आणि पेटीला दम भरावा तशी म्हणाली, "सुरेखा जगताप."

"रुग्णाचं नाव?"

"त्येच," आत्या म्हणाली. "परत सांगायला लावू नगंस."